दात काढून हसणारा तिकी

मार्च महिन्यात आलेल्या एका पत्राला मी ऑगस्टपर्यंत उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर जाड शब्दकोशाखाली ते ठेवलेलं होतं, त्याचा एक कोपरा बाहेर दिसत होता, आणि रोज सकाळी त्या कोपऱ्याशेजारी बसून मी कॉफी पीत होतो.

पत्र कॅलिफोर्नियाहून आलं होतं. लिहिणारी ताहियापूआ नावाची बाई. तिला मी कधी पाहिलेलं नाही. तिने इंग्रजीत, मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं होतं की तिचे वडील जानेवारीत गेले. समुद्राकाठच्या एका हॉटेलाच्या दारात त्यांनी तरुणपणी कोरलेला एक तिकी, म्हणजे पूर्वजाची कोरीव मूर्ती, उभा आहे. हॉटेल वर्षअखेरीला पाडणार आहेत. मालक म्हणतो, हवा तर घेऊन जा, नाहीतर तो मोडक्या लाकडांबरोबर जाईल. तिचं घर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एका संग्रहालयात विचारलं तर तिथल्या माणसाने फोटो पाहून तिकी अस्सल नाही असं सांगितलं.

पुढे लिहिलं होतं, ‘बाबा म्हणायचे, हाने नावाच्या गावात मी अजून आहे, कधी अडलं तर मला तिथे लिही. म्हणून तुम्हाला लिहिते. हा तिकी तुमच्याकडे पाठवू का? आणि त्याच्याबरोबर मी आले तर चालेल का?’

आणि सगळ्यात खाली, ‘त्यांच्या इच्छेप्रमाणे थडग्यावर कोहू हेच नाव घातलं आहे.’

कोहू हे माझं नाव. म्हणजे आईने ठेवलेलं.

आमच्या बेटांवर दोन माणसं नावं बदलून घेतात. ती गंमत नसते. नाव दिलं की त्याच्यामागचं सगळं दुसऱ्याकडे जातं, आई, बहिणी, पुढे होणारी मुलं, नीरफणसाची झाडं, भांडणं. तिमाऊ आणि मी शाळकरी वयाचे होतो तेव्हा आम्ही ती बदलली. खोबरं वाळवायच्या माचीवर बसलो असताना तो म्हणाला, “तुझं नाव मला दे. शाळेत पहिला येणाऱ्याचं नाव कसं लागतं ते मला बघायचंय.” मी म्हणालो, “आणि मला तुझं.” त्याच्या नावात मला काय हवं होतं ते मी बोललो नाही. त्याचे हात हवे होते. त्याच्या हातात लाकूड तासायचा वाकस आला की लाकूड गप्प ऐकायचं. माझ्या हातात आला की पहिला घाव माझ्याच नडगीवर बसायचा.

त्याच्या आईने आम्हा दोघांना एका वाडग्यातून पोपोई खाऊ घातली, आंबवलेल्या फणसाची आंबटढाण लापशी, आणि झालं. त्या दिवसापासून माझी आई त्याला उशीर झाला म्हणून ओरडायची. त्याची आई छप्पर गळायला लागलं की मला बोलावणं पाठवायची. मी चढायचो. छप्पर आणखी गळायचं. पण तिने दुसऱ्या कोणाला कधी बोलावलं नाही.

मग एक परदेशी माणूस शिडाच्या होडीतून आला. त्याने तिमाऊचं काम पाहिलं. त्याच्या देशात तेव्हा गवती छपरांची, निळ्या दिव्यांची हॉटेलं निघत होती आणि प्रत्येकाला दारात तिकी हवा होता. तिमाऊ गेला. जाताना माझं नाव घेऊन गेला आणि तिकडे कोहू म्हणूनच राहिला, कोहू म्हणूनच लग्न केलं. सुरुवातीला दोनतीन पत्रं आली. त्याला लिहायचा कंटाळा आणि मला काय लिहावं ते सुचायचं नाही. मी गावात शाळामास्तर झालो, लग्न राहून गेलं, निवृत्त झालो. पेन्शनच्या कागदांवर कोहू आहे. बाकी गावाला मी मास्तर, आणि वयस्कर माणसांना तिमाऊ.

पत्र आलं त्याच दिवशी मी पेलाजीकडे गेलो. पेलाजी ही तिमाऊची थोरली बहीण, म्हणजे माझी. ती आवारात दगडी बत्त्याने फणस कुटत होती. तिच्यासमोर उभं राहून मी सांगितलं, तिमाऊ गेला.

तिने बत्ता थांबवला नाही. “कुठे गेला?”

“वारला. जानेवारीत. मुलीचं पत्र आलंय.”

“असं?” ती म्हणाली. “मग हा माझ्यासमोर कोण उभा आहे, चपला न काढता?”

मी चपला काढल्या.

“बस. खाऊन जा. वाळलास किती. पुस्तकं खातोस की काय?”

मी बसलो आणि खाल्लं. कुटून झाल्यावर ती उठून घरामागे गेली आणि बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मला मात्र घराकडे चालताना वाटेतच कळलं की काय झालंय. पेलाजीचं बरोबर होतं. तिमाऊ मेला नव्हता, तो इथे चपला हातात घेऊन चालत होता. पण कोणीतरी मेलं होतं, दगडावर नाव होतं. मेला होता तो कोहू. त्या नावाने मला हाक मारणारी आई जाऊन फार वर्षं झाली. समुद्रापलीकडे एक माणूस ते नाव वापरत होता, रोज त्याला त्या नावाने कोणीतरी जेवायला बोलावत असेल, या विचाराने मला नकळत बरं वाटायचं. आता तेही संपलं. त्या पत्राला तिमाऊ म्हणून उत्तर द्यायचं म्हणजे हे सगळं मान्य करायचं. आणि कोहू म्हणून उत्तर द्यायचं तर मी तिचा कोणी नव्हतो. मग ती कशाला येईल?

यातून मी पळवाट काढली, ती म्हणजे ज्ञानाची. संध्याकाळी कागद घेऊन बसायचो. पहिल्या कागदावर मी तिकीच्या डोळ्यांबद्दल दीड पान लिहिलं, ते एवढे मोठे आणि गोल का असतात. दुसऱ्या वेळी दगडी तिकी आधी की लाकडी, यावर वेगवेगळ्या अभ्यासकांची मतं दिली. वाचून पाहिलं तर ते बाप गेलेल्या मुलीला लिहिलेलं पत्र नव्हतं, शाळा तपासणीचा अहवाल होता. चुलीत घातलं. घरात माझ्याशिवाय आवाज करणारं कोणी नाही. वाऱ्याने पुस्तकांची पानं हलतात तेवढंच. डोंगरावरून घोडे उतरतात, कुंपणाशी थांबतात, आत बघतात आणि जातात.

पत्रासोबत तिकीचा फोटो होता. खरं सांगायचं तर तो पाहून मी संग्रहालयवाल्याच्या बाजूचा झालो होतो. आमच्या तिकीचं तोंड रुंद असतं, ओठांमधून जिभेची पट्टी दिसते, पण तो दात दाखवत नाही आणि हसत तर नाहीच. हा दात काढून हसत होता. वरची खालची मिळून सगळी बत्तिशी. डोक्यावर पिसांचा मुकुट, तो भलत्याच बेटांवरचा. गालांवर वळणाच्या रेषा, त्या तिसरीकडच्या. असा तिकी आमच्या गावात, जिथे दर तिसऱ्या घरात कोरणारा आहे, कुठल्या तोंडाने उतरवून घ्यायचा?

ऑगस्टमध्ये मालवाहू बोट यायच्या आठवड्यात मी फोटो खिशात घालून किनाऱ्यावरच्या शेडमध्ये गेलो. निमित्त ठरवून ठेवलं होतं. तिकडच्या लाल लाकडाला इथली वाळवी लागते का, एवढंच विचारायचं आणि परत यायचं.

मातियास वाकसाने तोऊ झाडाचा ओंडका तासत होता. हा माझा विद्यार्थी. गणितात कच्चा होता, आता बेटावर त्याच्या तोडीचा कोरणारा नाही. त्याचा भाऊ नोएल कडेला ग्राइंडर लावून बसला होता. पेलाजी त्यांना भाजलेला फणस घेऊन आली होती आणि निघायचं नाव घेत नव्हती.

“मास्तर? इकडे?” मातियास म्हणाला. “पुस्तकं संपली वाटतं.”

मी वाळवीचं विचारलं.

“कुठलं लाकूड ते बघायला नको? नुसतं लाल म्हणून कसं सांगू? शाळेत आम्ही असं उत्तर दिलं असतं तर छडी बसली असती.”

मग फोटो काढावाच लागला. मातियासने हात पुसले, फोटो उजेडात धरला. नोएलने ग्राइंडर बंद केला. मग नोएलच्या नाकातून हसू फुटलं.

“हे कोणी केलं?”

“तिमाऊने,” मी म्हणालो.

“म्हणजे तुम्ही.”

“मी नाही रे. तिकडे गेलेल्याने. खाली बघ, कोहू असं कोरलंय.”

“कोहू पण तुम्हीच की,” मातियास शांतपणे म्हणाला. “इकडून धरा नाहीतर तिकडून, काम तुमचंच.”

मला वाटलं हे चेष्टा करताहेत. चेष्टा होतीच, पण नुसती चेष्टा नव्हती. मातियासने फोटो माझ्यासमोर धरला आणि दुसऱ्या कोरणाऱ्याशी बोलावं तसा बोलायला लागला.

“पाय चांगले काढलेत. गुडघे बरोबर वाकलेत, भार पेलतात. पोटावरचे हात, हे असे बोटं जुळवलेले, हे आपल्याकडचेच. पण वर काय केलंत हे? दात कशाला दिलेत?”

“आणि डोक्यावर कोंबडा,” नोएल म्हणाला.

“पिसांचा मुकुट आहे तो,” मी म्हणालो.

“असेल. आमची शुद्धलेखनातली एक चूक सोडली नाही तुम्ही, मास्तर. आणि स्वतः कोरायची वेळ आली तर पूर्वजाला दारूच्या गुत्त्याबाहेर दात काढायला उभा केलात. किती मिळाले?”

“नोएल,” मातियास म्हणाला.

“विचारतोय. पैशासाठी जोकर केला का नाही त्याचा? हो म्हणा, विषय मिटला.”

मी आयुष्यात कोणाशी आवाज चढवून बोललेलो नाही. वर्गातसुद्धा पोरं गप्प बसायची ती मी एवढ्या हळू बोलायचो म्हणून. पण मी बोललो.

“मालकाला दात हवे होते,” मी म्हणालो. “लोक आत येताना जरा दचकले पाहिजेत आणि जाताना हसत गेले पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं, आमच्याकडे तिकीला दात नसतात. तो म्हणाला, मग मी दात कोरणारा दुसरा बघतो. पोरगी झाली होती. परका गाव. आपल्या भाषेत ‘आज वारा पडलाय’ एवढं म्हणायलासुद्धा समोर माणूस नाही. लाकूडही ओळखीचं नाही, कुठे चिरेल ते कळत नाही. कोरले दात. पिसं म्हणाला, पिसं कोरली. पण हात मी पोटावरच ठेवले. त्याला हातात पेला हवा होता. पेला मी दिला नाही.”

शेडमध्ये समुद्राचा आवाज येत राहिला.

यातलं एक अक्षरही तिमाऊने मला कधी लिहिलेलं नव्हतं. मुलीच्या पत्रातही नव्हतं. पेल्याचं तर मी कुठून आणलं मला माहीत नाही. मी वाट बघत होतो की आता कोणीतरी विचारेल, हे तुम्हाला कसं ठाऊक? म्हणजे मी गप्प होईन, माफी मागेन आणि घरी जाईन.

कोणी विचारलं नाही. नोएलने फोटो घेतला, हातांच्या जागी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “पेला दिला नाहीत ते बरं केलंत.” एवढं बोलून त्याने फोटो पॅंटला पुसून मला परत दिला.

“पोरीने याचं काय करायचं ठरवलंय?” मातियासने विचारलं.

मी सांगितलं. तिकी पाठवू का म्हणते. बरोबर येऊ का म्हणते.

“कधी विचारलं?”

“मार्चमध्ये.”

“आणि तुम्ही काय कळवलंत?”

मी फोटो खिशात घातला. पेलाजी इतका वेळ फणसाची साल सोलत होती. ती सोलतासोलताच म्हणाली, “पोरीचं नाव काय?”

“ताहियापूआ.”

तिचा हात थांबला. ते मला जन्म देणाऱ्या आईचं नाव. तिमाऊने मुलीचं नाव ठेवलं ते आपल्या आईचं, म्हणजे माझ्या. मला हे पत्र आल्यापासून माहीत होतं, पण मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

“तुला जन्म देणारी आई एवढ्या लांबून विचारते आहे, येऊ का,” पेलाजी म्हणाली, “आणि हा शब्दकोश बघत बसलाय.”

“ती इथे येऊन काय करणार?” मी म्हणालो. “मला बाप होता येत नाही. मला तर स्वयंपाकही धड येत नाही.”

“तू शाकारलेलं छप्पर गळायचं,” ती म्हणाली, “तरी आई तुलाच बोलवायची. आम्ही खाली भांडी मांडून बसायचो. कोणी बोललं का तुला?”

मातियास आता हिशोबाला लागला होता. बोटीच्या क्रेनने उतरवता येईल. लाल लाकूड असेल तर वाळवी सहसा शिवत नाही, पण पाय जमिनीत नको, दगडावर उभा करू. नोएल म्हणाला, “आला की मी अर्ध्या दिवसात दात तासून देतो. मुकुटही काढून टाकू. मग कोणी नावं ठेवायला नको.”

“नको,” मी म्हणालो.

“फुकट करतो, मास्तर.”

“दात राहू देत. ते त्याचे आहेत.” मग मी सुधारून घेतलं. “माझे आहेत.”

“आणि पोरीला झोपवशील कुठे?” पेलाजीने विचारलं. “पुस्तकांवर?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीतली खाट मोकळी केली. पुस्तकं भिंतीशी रचली. खाटेवर कोणी झोपलं नव्हतं म्हणून तिच्या सुतळ्या अजून करकरीत होत्या. मग टेबलाशी बसलो.

या वेळी शब्दकोश उघडला नाही, कारण जे लिहायचं होतं त्याला अवघड शब्द नव्हते. ‘ताहियापूआ, तिकी पाठव. बोटीच्या माणसांना मी सांगून ठेवीन. तू ये. खोली तयार आहे. तुझी आत्या फणस आंबवून ठेवते आहे, तो पहिल्यांदा कोणालाच आवडत नाही, तरी थोडा खा, तिला बरं वाटेल. त्या माणसाने तिकी अस्सल नाही असं सांगितलं ते मनाला लावून घेऊ नकोस. त्याने फोटोतलं लाकूड पाहिलं. तू लहान होतीस तेव्हा मी तो कोरला. उत्तराला उशीर झाला, कारण मला लिहायचा कंटाळा आहे, ते तुला माहीतच असेल.’

शेवटचं वाक्य लिहून मी थांबलो. लिहायचा कंटाळा मला कधीच नव्हता. तो तिमाऊला होता. वाक्य खोडावं असं वाटलं, आणि खोडलं नाही.

खाली सही करायची होती. कोहूला मी काही वेळ मनात बसू दिलं. शाळेत पहिला येणारा, नडगीवर व्रण असलेला एक मुलगा. त्याचा मित्र त्याचं नाव चांगलं सांभाळून होता, ते नाव लाकडात कोरत होता. आता त्याच्यासाठी रडायचं तर मलाच रडावं लागणार होतं, बाकी कोणाला ठाऊकच नव्हतं की तो गेला. मी थोडा रडलो. मग ‘बाबा’ असं लिहिलं, आणि त्याच्याखाली ‘तिमाऊ’.

पोस्टात एदविज एकटीच होती. काउंटरवर कोपर टेकून विणकाम करत होती. विमान दुपारी येणार होतं.

“कॅलिफोर्निया,” तिने पत्ता वाचला आणि पाकीट वजनकाट्यावर टाकलं. “कोण आहे तिकडे, मास्तर?”

“मुलगी,” मी म्हणालो.

ती पोस्टात येण्याआधी माझ्याच वर्गात होती. मला मूल नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे. तिने मान हलवली आणि तिकिटं फाडायला घेतली.

“येणार आहे का ती?”

“लिहिलंय ये म्हणून.”

“मग तिला म्हणावं, येताना शिवणयंत्राच्या सुया आण. इथे मिळतात त्या दोन दिवसांत मोडतात.”

“पाकीट चिकटवलंय गं.”

“मग पुढच्या पत्रात लिहा,” एदविज म्हणाली, आणि तिकिटांवर शिक्का मारून तिने पत्र विमानाच्या पिशवीत टाकलं.